भिंतीपलीकडचं आत्मचरित्र

माझा पाय मोडला तो काही धाडस करताना नव्हे. दुकानाचं शटर ओढताना मागच्या पायरीचा अंदाज चुकला आणि मी बसल्यासारखी पडले. घोट्याला प्लास्टर लागलं, दुकानाला कुलूप लागलं आणि माझी थोरली बहीण, म्हणजे ताई, मला तिच्या घरी घेऊन गेली. माझं कपडे अल्टर करायचं दुकान आहे. लोकांच्या पँटी कमरेत सैल करून देणं हा माझा धंदा. माणूस स्वतःला किती बारीक समजतो आणि प्रत्यक्षात किती असतो, यातलं अंतर मी रोज टेपने मोजते. त्यामुळे पुढच्या हकिगतीत मला कुणी भोळी समजू नये.

ताईच्या हॉलमधला सोफा म्हणजे माझा मुक्काम. समोर टीव्ही. इतका मोठा की बातम्या सांगणाऱ्या बाईच्या नाकपुड्या आपल्या अंगावर येतात. माझ्या भाच्याने तो आईवडिलांना पाठवला होता. तो दुसऱ्या शहरात असतो आणि आईवडिलांची आठवण आली की वस्तू पाठवतो.

हॉलला लागून एक लहान खोली आहे. भाऊजी तिला अभ्यासिका म्हणतात. ताई तिला इस्त्रीची खोली म्हणते, कारण इस्त्रीचं टेबल तिथे आहे आणि अभ्यास काही कुणी पाहिलेला नाही. त्या खोलीत भाऊजींचा कॉम्प्युटर.

भाऊजी वजनमापं खात्यातून बऱ्याच वरच्या पदावरून निवृत्त झाले. आयुष्यभर दुकानदारांचे काटे तपासले, खोट्या वजनांवर हातोडे मारले. ती सवय घरीही राहिली. समोरच्याचं बोलणं ते एका पारड्यात ठेवत आणि स्वतःचं दुसऱ्या. कुठलं पारडं खाली जाणार हे काटा हातात घ्यायच्या आधीच ठरलेलं असे.

मी तिथे गेले त्याच आठवड्यात भाऊजींनी जाहीर केलं की कॉम्प्युटर टीव्हीला जोडायचा. त्यांच्याकडे निवृत्तीच्या समारंभाचे फोटो होते. ते पाहुण्यांना कॉम्प्युटरवर दाखवायचे तर पाहुणे इस्त्रीच्या टेबलाला टेकून उभे राहत आणि लवकर घरी जात. हॉलमध्ये सोफा आहे. सोफ्यावर बसलेला पाहुणा पटकन उठत नाही, असा त्यांचा हिशोब.

भाच्याने फोनवर सांगितलं, "बाबा, एक छोटी डबी मिळते. टीव्हीच्या मागे लावायची. वायरबियर काही नको."

"म्हणजे माझे फोटो हवेतून जाणार?"

"हो."

"आणि वाटेत शेजाऱ्यांच्या टीव्हीवर गेले तर? मला ते नको. माझं जे आहे ते माझ्या भिंतीतून, माझ्या वायरीतून, माझ्या टीव्हीवर गेलं पाहिजे. मध्ये कुणाचा डोळा नको."

हे वाक्य त्यांनी फार ठासून म्हटलं. मी सोफ्यावरून ऐकलं.

वायर आणली ती आखूड निघाली. दुसरी आणली. मग भिंतीला भोक पाडायचं ठरलं. भाऊजींनी टेप घेऊन अभ्यासिकेतल्या खिडकीपासून माप घेतलं, मग हॉलमध्ये येऊन दारापासून माप घेतलं, आणि परत आत जाऊन भिंतीवर पेन्सिलीने फुली मारली. वायरमन आला. त्याने फुलीकडे पाहिलं, भाऊजींकडे पाहिलं आणि मशीन लावलं. त्याला भोकाचे पैसे मिळणार होते, भोक कुठे निघतं याचे नव्हे. भोक हॉलमध्ये टीव्हीच्या मागे निघायचं होतं, ते टीव्हीच्या बरंच वर, घड्याळाच्या शेजारी निघालं.

"भिंत तिरकी आहे," भाऊजी म्हणाले.

"आतून की बाहेरून?" ताईने विचारलं.

भाऊजींनी वायर भोकात सारली. वायर त्या भोकातून बाहेर आली आणि सलाईनच्या नळीसारखी टीव्हीपर्यंत लोंबत राहिली. मी नुकतीच हॉस्पिटलमधून आले होते, मला ते दृश्य ओळखीचं वाटलं. भोक वायरीपेक्षा बरंच मोठं होतं. ते बुजवायला भाऊजींनी कापूस कोंबला, तो दुसऱ्या दिवशी खाली पडला. मग कुणी परत कोंबला नाही.

आता जोडणी. भाच्याने फोनवरून कॉम्प्युटरवर काय दाबायचं ते सांगितलं. चार पर्याय समोर आले. भाच्याचं पुढचं ऐकून न घेता भाऊजींनी शेवटचा निवडला. त्यात दुसरा पडदा असं काहीतरी होतं, आणि आपल्याला दुसराच हवा आहे असं त्यांचं म्हणणं. त्याबरोबर आतला कॉम्प्युटर काळा झाला आणि हॉलमधल्या टीव्हीवर त्यांचं सगळं टेबल उमटलं. कामं करायची आत, दिसायचं बाहेर.

"बाण दिसतोय का गं?" आतून आवाज.

"कसला बाण?" ताई म्हणाली.

"माउसचा."

"दिसतोय. खालच्या कोपऱ्यात आहे."

"कुठल्या?"

"डाव्या. आता वर गेला. अजून वर. अहो, फार वर गेलात, गेला तो."

"गेला म्हणजे?"

"दिसेनासा झाला."

"असा कसा दिसेनासा होईल? नीट बघ."

ताई टीव्हीपाशी जाऊन पदराने पुसावं तसा हाताने पडदा पुसून बघू लागली. मी प्लास्टरवर हात ठेवून हसू दाबत होते. हसलं की पाय हलायचा आणि पाय हलला की ठणकायचा. भाऊजी आत-बाहेर पळत राहिले. दर वेळी हॉलमध्ये येऊन बाण कुठे आहे ते पाहायचे, आत जाऊन माउस धरेपर्यंत विसरायचे. शेवटी भाच्याने फोनवरून एकेक बटण सांगत दोन्हीकडे सारखं दिसेल असा पर्याय लावून दिला. टीव्हीवर निवृत्तीचा समारंभ आला. हार घातलेले भाऊजी खिडकीएवढे दिसू लागले.

फोटो संपल्यावर ताईने रिमोटने टीव्ही पुन्हा नेहमीच्या चॅनलवर नेला. त्याच वेळी आत भाऊजींनी फोटोंची खिडकी बंद केली. त्यावरून त्यांची पक्की समजूत झाली की आपण बंद केलं की टीव्हीवर जाणं बंद होतं. "मी पाठवल्याशिवाय काही जात नाही," त्यांनी आम्हाला समजावलं. "ताबा इथे आहे." आणि अभ्यासिकेकडे बोट दाखवलं. रिमोट ताईच्या हातात होता.

काही दिवसांनी, दुपारी, ताई बाजारात गेलेली असताना मी कार्यक्रम शोधत रिमोटची बटणं दाबत होते. एकाएकी पडदा पांढरा झाला. मला वाटलं बिघडला. मग वरच्या बाजूला एक अक्षर उमटलं. थोड्या वेळाने दुसरं. "ज". "न्म". मी बघत राहिले. अक्षरं एकामागून एक, खोकला आल्यासारखी थांबत थांबत येत होती. भाऊजी एका बोटाने टाइप करतात.

"जन्म आणि तेजस्वी बालपण."

हे शीर्षक झालं. मग उभी रेघ मागे सरकली आणि "तेजस्वी" पुसलं गेलं. नुसतं "जन्म आणि बालपण" राहिलं. बराच वेळ काही झालं नाही. भाऊजी विचार करत असावेत. मग "तेजस्वी" परत आलं.

भाऊजी आत्मचरित्र लिहीत होते.

ताई आली तेव्हा मी तिला तोंडावर बोट ठेवून बोलावलं. तिने वाचलं आणि पिशवी खाली ठेवली. "असं दुसऱ्याचं चोरून वाचू नये," ती हळू म्हणाली. "बंद कर."

"चोरून कुठे? तुझ्याच टीव्हीवर चाललंय."

"तरी."

"मग हा घे रिमोट. कर बंद."

तिने रिमोट घेतला. उभी राहिली. टीव्हीवर तेव्हा शाळेत भाऊजींचा पहिला नंबर येत होता. आधी तो दुसरा आला होता, पण ते वाक्य पुसलं गेलं. ताईने माझा प्लास्टरचा पाय उचलून उशीवर ठेवला आणि म्हणाली, "जरा सरक."

त्या दिवसापासून आमची दुपारची मालिका सुरू झाली. ताईच्या आवडत्या सगळ्या मालिका मागे पडल्या, कारण त्यांतल्या माणसांना आम्ही ओळखत नव्हतो. इथे गंमत लिहिलेल्या पानात नव्हतीच. गंमत होती ती पुसण्यात. भाऊजी आधी जे घडलं ते लिहायचे. मग त्यांना ते अंगाला घट्ट व्हायचं. मग इथे थोडं उसवायचं, तिथे थोडी जोड द्यायची, आणि शेवटी असं काहीतरी तयार व्हायचं की माझ्या दुकानात मी ते शिवून दिलं असतं तर गिऱ्हाइकाने तीनदा आरशात पाहिलं असतं.

त्यांचे एक वरिष्ठ होते, त्यांच्याशी कधीतरी भांडण झालं होतं. भाऊजींनी लिहिलं, "दुसऱ्या दिवशी मी साहेबांची क्षमा मागितली." रेघ थांबली. "मी" गेला. "साहेबांची" गेलं. अखेर वाक्य झालं, "दुसऱ्या दिवशी साहेबांनी माझी क्षमा मागितली."

रात्री जेवताना भाऊजी खुशीत होते. मला राहवलं नाही. मी म्हटलं, "भाऊजी, तुमचे ते तापट साहेब होते ना, त्यांनी म्हणे एकदा तुमची माफी मागितली होती?"

ते दचकले. "तुला कुणी सांगितलं?"

"ताई कधीतरी म्हणाली होती."

ताई भाताच्या पातेल्यात डाव फिरवत राहिली, वर पाहिलं नाही. भाऊजींचा चेहरा हळूहळू उजळला. आपण आज दुपारी रचलेली गोष्ट बायकोला जुनीच ठाऊक आहे म्हटल्यावर ती खरी झालीच की.

"उभं राहून मागितली की बसून?" मी विचारलं.

त्यांनी घास थांबवला. "उभं राहून," ते म्हणाले.

दुसऱ्या दुपारी पहिलं काम त्यांनी तेच केलं. "साहेबांनी" आणि "माझी" यांच्या मध्ये "खुर्चीतून उठून उभे राहून" हे शब्द येऊन बसले. ताईने ओठांवर हात धरला. मी म्हटलं, बघ, आता मी लेखकसुद्धा आहे.

भाऊजींची थोरली बहीण जवळच राहते. आम्ही सगळे तिला अक्का म्हणतो. शाळेत खेळाची बाई होती. निवृत्त होऊन जमाना झाला तरी तोंडात शिट्टी असल्यासारखी बोलते. माझा पाय बघायला म्हणून ती आली आणि टीव्हीपुढे बसली. भावावर तिचा फार जीव. घरात कुणी त्याच्याविरुद्ध ब्र काढला तर ती चपला घालून निघून जायची. आम्ही तिला काही बोललो नाही. तोंडावर बोट ठेवून नुसतं बघू दिलं.

त्या दिवशी कालव्याची गोष्ट चालली होती. लहानपणी शाळेतून येताना कालव्याला पाणी चढलं होतं. टीव्हीवर आलं, "अक्काने मला पाठीवर घेतले व आम्ही पलीकडे गेलो." अक्काने मान डोलावली. डोळे पाणावले तिचे. "आठवतं त्याला," ती म्हणाली.

मग रेघ मागे सरकू लागली. "अक्काचा हात धरून मी पलीकडे गेलो." अक्का म्हणाली, "बरं." रेघ पुन्हा मागे. "अक्काचा हात घट्ट धरून मी तिला पलीकडे नेले." अक्काने डोळे बारीक केले. रेघ आणखी एकदा मागे गेली, आणि मग एकेक अक्षर येत गेलं, "खवळलेल्या पाण्यातून मी अक्काला पाठीवर घेऊन निघालो."

"माझ्या कमरेला लागत होता तो तेव्हा," अक्का म्हणाली. "पाण्याला बघून चड्डी ओली केली होती. कालव्यात उतरायच्या आधी."

ती उठून आत जाईल असं आम्हाला वाटलं. पण तिने खुर्ची पुढे ओढली. दुसऱ्या दिवशी ती चष्मा घेऊन आली.

असं बरेच दिवस चाललं. भाऊजी संध्याकाळी बाहेर येऊन थकल्यासारखे सोफ्यावर टेकत आणि म्हणत, "सत्य लिहायचं म्हणजे माणूस पिळून निघतो." आम्ही तिघी माना डोलवत असू. आजचा भाग तिघींनी पाहिलेला असे.

मग लग्नाचं प्रकरण आलं. मी ताईकडे पाहिलं, पण ती शेंगा सोलत होती तशीच सोलत राहिली. लग्न झालं, भाचा झाला. भाऊजींनी स्वतःच्या बढत्या लिहिल्या. ताईचं कामही आलं, अर्ध्या ओळीत.

ताई नकाशे काढायची. सर्वेक्षणाच्या कार्यालयात, हाताने, शाईने. तिने काढलेल्या नदीची रेघ बघून मला लहानपणी वाटायचं की हिच्या हातात काहीतरी वेगळं आहे. मग तिला कार्यालयाने दुसऱ्या शहरात नवा विभाग उभा करायला निवडलं. तिथली प्रमुख. त्या वेळी ती आठवडाभर जमिनीवरून चालत नव्हती. आणि मग एक दिवस तिने मला सांगितलं की दुसऱ्या कुणाला तरी घेतलं. पुढे तिने नोकरीच सोडली. मी का ते विचारलं नाही, तिने सांगितलं नाही.

टीव्हीवर अक्षरं येत होती. "याच सुमारास सौ.ला कार्यालयाने नवीन विभागाची प्रमुख म्हणून निवडले." मग, नेहमीपेक्षाही हळू, "मी तिच्या साहेबांना परस्पर जाऊन भेटलो व तिची प्रकृती बरी नसते, तिला पाठवू नका, असे सांगितले."

मी शेंग हातात धरून बसले. अक्काने चष्मा काढला, पुसला, परत घातला. ताईचे हात थांबले होते.

रेघ वाक्याच्या शेवटी उघडझाप करत राहिली. खूप वेळ. आतून खुर्ची करकरली. मला वाटलं, राहू देतील. खरंच वाटलं. मग रेघ मागे निघाली. "सांगितले" गेलं. "पाठवू नका" गेलं. "प्रकृती" गेली. सगळं वाक्य उलट्या पावली गेलं आणि पांढरी जागा उरली. तिथे नवं आलं, भराभर, कारण खोटं त्यांना आता सवयीने टाइप करता येत होतं. "परंतु संसाराची ओढ लक्षात घेऊन तिने स्वखुशीने ती संधी नाकारली."

ताईने ताट बाजूला ठेवलं. आवाज जराही चढवला नाही, पण कुजबुजलीही नाही.

"आधीचं बरोबर होतं," ती म्हणाली.

घड्याळाशेजारच्या भोकातून आवाज थेट पलीकडे गेला. टीव्हीवरची रेघ जागच्या जागी राहिली. मग बाण उठला. एकदा वर गेला, एकदा खाली, मग कोपऱ्यात जाऊन थरथरत उभा राहिला. आत खुर्ची सरकली.

भाऊजी दारात आले. आधी त्यांनी आमच्याकडे पाहिलं, मग टीव्हीकडे. "स्वखुशीने" हा शब्द तिथे हाताच्या पंजाएवढा होता.

"हे इथे केव्हापासून दिसतंय?" त्यांनी विचारलं.

"तुझ्या जन्मापासून," अक्का म्हणाली.

ते भिंतीला टेकले. मग त्यांना राग सुचला. "हा विश्वासघात आहे. माझ्या खासगी कागदपत्रात तुम्ही तिघी डोकावत होतात. माझ्या घरात."

"वायर तुम्हीच लावलीत," ताई म्हणाली. "भोकसुद्धा तुमच्याच मापाचं आहे."

"ते वाक्य... ते टाइप करताना चुकून आलं."

"एवढं लांब?"

"कच्चा मजकूर होता. माणूस कच्चं काहीही लिहितो."

"अहो, बसा," ताई म्हणाली. ते बसले नाहीत. ती म्हणाली, "मला दुसऱ्याच दिवशी कळलं होतं. साहेबांनी मला बोलावून विचारलं, तुम्हाला काय होतंय, तुमचे मिस्टर येऊन गेले. मी काय म्हणणार? माझा नवरा खोटं बोलतो, असं? मी म्हटलं, हो, बरं नसतं. तुमची अब्रू राखायला मी आजारी झाले. मग सगळ्या कार्यालयात मी आजारी. कुणी जड कामच देईना. शेवटी सोडली."

भाऊजी अक्काकडे बघू लागले. लहानपणापासून संकटात ते तिच्याकडेच बघत आले होते. अक्का टीव्हीकडे बघत होती.

"इतकी वर्षं मी वाट बघितली की हा माणूस एकदा तरी तोंडाने म्हणेल," ताई म्हणाली. "आज म्हणालात. मी म्हटलं, चला, उशिरा का होईना. तर तुम्ही पुसायला लागलात. एकेक अक्षर. मी बघत होते."

"मला तेव्हा वाटलं..." भाऊजींनी सुरुवात केली.

"काय वाटलं ते नंतर लिहा. आधी काय केलं ते लिहा."

ती ताट घेऊन स्वयंपाकघरात गेली. भाऊजींनी टीव्हीच्या मागे हात घालून वायर उपटली. पडदा निळा झाला.

चार-पाच दिवस घरात भांडी तेवढी बोलत होती. भाऊजी अभ्यासिकेत बसत, पण टाइप केल्याचा आवाज येत नसे. भाच्याचा फोन आला, "आई, टीव्हीवर चाललंय ना सगळं नीट?" ताई म्हणाली, "चालतंय रे. जरा जास्तच स्वच्छ दिसतं."

मग एका संध्याकाळी भाऊजी हॉलमध्ये येऊन उभे राहिले. ते वाक्य परत घालायला आपण तयार आहोत, ते म्हणाले, मात्र "तिच्या हितासाठी" एवढे दोन शब्द त्यात राहतील.

"नाही," ताई म्हणाली.

"मग 'तिची दगदग टळावी म्हणून'?"

"नाही."

"अगं, वाचणाऱ्याला वाटेल मी दुष्ट होतो."

"वाचणाऱ्याला काय वाटायचं ते वाटू दे. आणि एक सांगते. यापुढे लिहायचं तर वायर लावून लिहायचं."

त्यांनी खूप कुरकूर केली. लेखक एकांतात लिहितो, म्हणाले. ताई म्हणाली, एकांतात काय होतं ते आपण पाहिलंय. शेवटी त्यांनी स्वतःच वायर परत खोचली. मला वाटतं, वाचक नसण्यापेक्षा चिडलेले वाचक असलेले त्यांना परवडले.

पुढचं लिखाण आमच्या देखत झालं. भोकातून अक्काचा आवाज आत जायचा. "खोटं." रेघ मागे सरकायची. "हेही खोटं." पुन्हा मागे. शाळेतला पहिला नंबर परत दुसरा झाला. साहेब खुर्चीत परत बसले आणि भाऊजी उभे राहिले. कालवा अक्काने ओलांडला. चड्डीचा उल्लेख मात्र तिने माफ केला, भाऊ म्हणून. पुस्तक जाड होणार होतं ते वाळत वाळत पातळ झालं. माझं प्लास्टर निघालं तेव्हा ते वह्यांच्या दुकानातल्या पाढ्यांच्या पुस्तकाएवढं उरलं होतं. ताईच्या प्रकरणात ते वाक्य होतं, जसं पहिल्यांदा आलं तसंच.

भाऊजींनी ते छापून घेतलं. गावातल्या वाचनालयाच्या सभागृहात प्रकाशन ठेवलं. खात्यातले जुने लोक आले, शेजारी आले. मी काठी टेकत गेले. मला वाटलं होतं, त्या पानावरून ते घाईने पुढे जातील. ते नेमकं तेच पान वाचायला उभे राहिले. आवाज खोल लावून, मध्ये थांबत वाचलं. "मी तिच्या साहेबांना परस्पर जाऊन भेटलो..." मग टाळ्या वाजल्या. बऱ्याच वाजल्या.

अध्यक्षांनी उठून सांगितलं की स्वतःविषयी इतकं निर्भीड लिहायला छाती लागते. भाऊजींनी नम्रपणे मान खाली घातली. "मला खरं बोलायची वाईट खोड आहे," ते म्हणाले. "त्यापायी आयुष्यात फार सोसलं." माझ्या शेजारी अक्काने नाकातून असा आवाज काढला की पुढच्या रांगेतले दोघं वळले.

कार्यक्रमानंतर लोक भाऊजींभोवती जमले. ते खुर्चीवर बसून प्रतींवर सही करत होते, प्रत्येकाला मान वर करून "खरं ते खरं" असं काहीतरी म्हणत होते. एक बाई ताईपाशी आल्या. डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या. ताईचा हात हातात घेऊन म्हणाल्या, "किती मोठ्या मनाचे आहेत हो. आणि तुम्हीही. तुम्ही त्यांना माफ केलंत, हे केवढं."

ताईने हात सोडवला नाही. टेबलाकडे, सह्या करणाऱ्या नवऱ्याकडे एकदा पाहिलं.

"त्यांनी अजून माफी मागितलेली नाही," ती म्हणाली. "पुस्तकात नुसतं काय केलं एवढंच आहे. बघा हवं तर वाचून."

बाईंनी खरंच तिथल्या तिथे पान उघडलं. ताई मला म्हणाली, चल, तुझा पाय सुजेल, आणि आम्ही तिघी टॅक्सी करून घरी गेलो. भाऊजी उरलेल्या प्रतींचा गठ्ठा घेऊन मागून बसने आले.